डिसेंबरचें पुण्य आणि आषाढाचा पाऊस

मोरा हें बंदर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. मुंबईस भाऊच्या धक्क्यावर लाँचींत बसावें, तासाभरानें मोऱ्यास उतरावें आणि तेथून उरणास जावें, हा या भागांतील माणसांचा जुना क्रम आहे. २०२४ सालीं अटल सेतु झाला, उरणपर्यंत आगगाडीहि आली, तरी तो क्रम अजून अगदींच मोडलेला नाहीं. ओहोटी असली म्हणजे गाळामुळें लाँच धक्क्यास लागत नाहीं. उतारू खोळंबतात, आणि घड्याळाकडे पाहात बंदराच्या निवाऱ्यांत बसून राहतात. अशा एका खोळंब्यांत आमच्या प्रथम ध्यानांत आलें कीं, तेथें बसलेल्या माणसांपैकीं सर्वच लाँचीची वाट पाहणारीं नव्हतीं. भरती आली, लाँच लागली, आम्ही सारे उठलों. तीं तिघें-चौघें मात्र उठलीं नाहींत. त्यांस कोठें जावयाचेंच नव्हतें.

त्यांत एक म्हातारी होती. गेल्या डिसेंबरांत आम्ही पुन्हां त्या बाजूस गेलों असतां एक मंडळी मोटारींतून तेथें आली. मंडळी सुशिक्षित होती आणि चांगल्या मनाची होती, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. त्यांनीं मोटारीच्या पाठीमागून कांबळ्यांचा गठ्ठा काढला. आपल्या मंडळाच्या नांवाचा फलक दोघांनीं दोहों बाजूंस धरला. म्हातारीच्या हातीं कांबळें देतांनाचें छायाचित्र घेतलें, आणि तें मनाजोगें उतरलें नाहीं म्हणून कांबळें परत घेऊन पुन्हां दिलें. मंडळी निघून गेल्यावर आम्ही म्हातारीजवळ गेलों. तिच्या गांठोड्याखालीं आणखी दोन कोरीं कांबळीं घडी घालून ठेवलेलीं होतीं.

"आजी, हें तिसरें कीं!" आम्ही म्हणालों.

"थंडीचं सगळेच देतात, दादा," ती म्हणाली. "पावसाचं कोण देतं?"

प्रस्तुत लेख त्या प्रश्नामुळें लिहावा लागत आहे. आणि त्या प्रश्नाचें खरें उत्तर 'जवळजवळ कोणीच नाहीं' असें असल्यामुळें लेखणी कोठें कडवट झाली, तर वाचकांनीं क्षमा करावी.

आमचें म्हणणें असें आहे. उघड्यावर राहणाऱ्या माणसांपर्यंत जाऊन अन्न, वस्त्र, औषध पोंचविणें हें काम चांगलें आहे, आवश्यक आहे, आणि त्याची टवाळी करणाऱ्या शहाण्यांचा समाचार आम्ही पुढें घेणारच आहों. परंतु आज हें काम आपल्याकडे ज्या रीतीनें चालतें, तींत देणाऱ्याची सोय पाहिली जाते. घेणाऱ्याची गरज कोणी विचारीत नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर बेघर माणसाचा वैरी थंडी नव्हे. तो पाऊस आहे. मोरा, उरण, पनवेल या भागांत भर जानेवारींतहि पारा पंधरा अंशांखालीं क्वचितच उतरतो. एक जाड चादर आणि आडोसा एवढ्यावर ती थंडी निभावते. उलट मृगापासून हस्तापर्यंत चार महिने आकाशांतून ऐंशीं-शंभर इंच पाणी कोसळत असतें, आणि ज्याच्या डोक्यावर छप्पर नाहीं त्याला तें सारें अंगावर घ्यावें लागतें. असें असतां कांबळ्यांचे गठ्ठे डिसेंबरांत येतात, आणि जूनमध्यें कोणी फिरकत नाहीं.

असें कां व्हावें? एक कारण आम्हांस दिसतें तें हें कीं, बेघर माणसाचें जें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें उत्तरेकडून आलेलें आहे. दिल्लीस पौषाच्या रात्रीं पदपथावर निजलेला माणूस गारठून मरतो. तेथें शेकोटी, रैनबसेरा आणि कांबळें यांवर जीवमरण अवलंबून असतें. तेथल्या थंडीच्या बातम्या आपण दरवर्षीं वाचतों, आपलें मन द्रवतें, आणि तें द्रवलेलें मन आपण मुंबईच्या नि पनवेलच्या रस्त्यावर, जेथें आपण स्वतः पंखा लावून निजतों तेथें, आणून ओततों. दुसरें कारण अधिक साधें, आणि सांगावयास थोडें लाजिरवाणें आहे. डिसेंबरांत हवा सुखाची असते. वर्ष संपत आलेलें असतें. दत्तजयंती, नाताळ हीं पर्वें त्याच सुमारास येतात, आणि २० डिसेंबर ही गाडगेमहाराजांची पुण्यतिथि. रात्रीं मोटार काढून चार मित्रांनीं सत्कृत्यास निघावें, वाटेंत चहा घ्यावा, असा तो काळ आहे. जुलैमध्यें देणाऱ्याचे स्वतःचे बूट भिजतात.

गाडगेमहाराजांचें नांव निघालें म्हणून एक शब्द. त्यांनीं आपल्या उपदेशांत भुकेल्यांस अन्न, उघड्यांस वस्त्र आणि बेघरांस आसरा हीं वेगवेगळीं कामें म्हणून सांगितलीं, आणि स्वतः चिंध्यांची गोधडी पांघरून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें धर्मशाळा उभारल्या. त्या धर्मशाळांना भिंती होत्या आणि छप्पर होतें. त्यांची पुण्यतिथि कांबळें वांटून साजरी करणाऱ्यांनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें कीं, वस्त्र दिल्यानें आसऱ्याची बाब भागली असें त्या पुरुषानें कोठेंहि मानलें नव्हतें.

कोणी म्हणेल, पावसांत मदत करणें आपल्या लोकांस माहीतच नाहीं. हें साफ खोटें आहे. पावसांत भिजणाऱ्या माणसास काय द्यावें, हें महाराष्ट्राइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आषाढी वारीचा रस्ता पाहा. देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंत लाखों माणसें भर पावसांत चालतात, आणि वाटेवरचीं गांवें त्यांच्यासाठीं काय काय करतात! मेणकापडाच्या खोळा वांटतात. चर्मकार रस्त्याच्या कडेला बसून तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देतात, न्हावी फुकट हजामती करतात, डॉक्टर सुजलेले पाय तपासतात, बाया गरम भाकरी घेऊन उभ्या राहतात, कोणी नुसतें तेल घेऊन पाय चोळीत बसतो. यांतली एकेक वस्तु व एकेक सेवा पावसांत चालणाऱ्या माणसाच्या गरजेकडे पाहून ठरलेली आहे. ती ठरविण्यासाठीं समिति बसली नव्हती. म्हणजे ज्ञान आहे, हात आहेत, दानत आहे. फरक एवढाच कीं, विठोबाकडे चालत निघालेला भिजला तर तो आपला, आणि कोठेंच न निघालेला भिजला तर तो कोणाचा, हें ठरावयाचें राहिलें आहे. वारकऱ्यांच्या सेवेंत तिळमात्र उणें व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच अठरा-वीस दिवसांत, त्याच सरींत, पनवेलच्या पुलाखालीं आणि मोऱ्याच्या धक्क्यावर माणसें भिजत असतात, एवढेंच दाखवून देतों.

आतां वस्तूंकडे वळूं. कारण या विषयांत भावनेपेक्षां वस्तूंचा विचार अधिक झाला पाहिजे, आणि तोच होत नाहीं.

कांबळें एकदां भिजलें म्हणजे तें पाण्याचें ओझें होतें. आषाढांत आपल्या घरांतले, खिडकीआंत दोरीवर घातलेले कपडे तीन-तीन दिवस आंबट ओले राहतात, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव आहे. मग ज्याच्याजवळ दोरी नाहीं आणि खिडकीहि नाहीं, त्यानें कांबळें कोठें वाळवावें? पहिल्या पंधरवड्यांत त्याला बुरशी धरते, मग वास सुटतो, आणि डिसेंबरांत ज्याचें छायाचित्र निघालें तें कांबळें जुलैमध्यें खाडींत जातें. याला उपयोगी पडते ती ताडपत्री, जाड आणि कडेला भोकें असलेली. अंथरण्यास एक आणि वर बांधण्यास एक, म्हणजे दोन. तिच्याबरोबर बांधावयास दोरी.

पायांची गोष्ट कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पावसाळाभर चिखलपाण्यांत उघड्या पायांनीं वावरणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांना भेगा पडतात, आणि उंदरांच्या मुतानें दूषित झालेलें पाणी त्या भेगांतून शरीरांत गेलें कीं लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. पूर येऊन गेला कीं मुंबईंत नि कोंकणांत हा ताप डोकें वर काढतो, आणि माणसें दगावतात. रबरी चपलांचा एक जोड आणि चिखल्यांवर लावावयाचें मलम यांना कांबळ्याहून थोडेच पैसे पडतात. परंतु मलमाच्या डबीचें छायाचित्र चांगलें येत नाहीं.

अन्नाचीहि तीच तऱ्हा. उन्हाळ्या-हिंवाळ्यांत तीन दगड मांडून बेघर कुटुंब आपला भात आपण शिजवितें. त्या वेळीं त्यास तांदूळ-डाळ दिली तर तिचें सोनें होतें. पावसांत दगड भिजलेले, लांकडें भिजलेलीं. त्या वेळीं शिधा देणें म्हणजे चेष्टा आहे. २०२० च्या टाळेबंदींत मुंबईहून पायीं निघालेल्या माणसांचे लोंढे पनवेलवरून घाटाच्या नि कोंकणाच्या वाटेस लागले, तेव्हां ठिकठिकाणीं मोठ्या उदार अंतःकरणानें शिध्याच्या पिशव्या वांटल्या गेल्या: तांदूळ, डाळ, तेल, हळद, तिखट. चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर चूल नव्हती. ज्यांनीं थोडा विचार केला त्यांनीं चुरमुरे, फुटाणे, गूळ, केळीं आणि पाणी दिलें. तीं माणसें आम्हांस अधिक सुशिक्षित वाटतात.

एक गोष्ट संकोचानें पण स्पष्ट सांगितली पाहिजे. उघड्यावर राहणाऱ्या बाईला महिन्याच्या अडचणीचें कापड पावसाळ्यांत धुतां येत नाहीं असें नव्हे, वाळवितां येत नाहीं. या पानांच्या वाचकांत स्त्रिया पुष्कळ आहेत. त्यांना अधिक सांगण्याचें कारण नाहीं. पुरुषांच्या मंडळांनीं वांटपाची यादी केली म्हणजे ही बाब तींत नसते, आणि घेणारी तोंडानें मागत नाहीं. म्हणून वांटपास जाणाऱ्यांत निदान एक बाई असलीच पाहिजे, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. कागद ठेवण्याची, पाणी न शिरणारी पिशवी हीहि अशीच न सुचणारी वस्तु. आधार-पत्र, शिधापत्रिका, दवाखान्याचा कागद भिजून लगदा झाला, कीं त्या माणसाचें सरकारदरबारीं असणेंच संपतें.

पावसाचें हें महत्त्व आमच्याच डोक्यांतून निघालेलें आहे असें कोणी समजूं नये. या देशांतील बेघरांच्या सर्वांत गाजलेल्या खटल्यांत पाऊस जवळजवळ एक पक्षकारच होता. १३ जुलै १९८१ रोजीं तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनीं मुंबईंतील पदपथांवर राहणाऱ्यांस हुसकून त्यांच्या मूळ गांवीं धाडण्याचें जाहीर केलें. अंतुले आमच्याच जिल्ह्याचे. कुलाब्याचें नांव रायगड झालें तें त्यांच्याच अमदानींत, त्याच वर्षीं. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत, म्हणजे ऐन पावसांत, झोंपड्या मोडल्या गेल्या. एका कुटुंबास गाडींत बसवून थेट सेलमला पाठविलें. त्यांतला कर्ता पुरुष कामासाठीं पुन्हां मुंबईस परतला, हें न्यायालयाच्या निकालपत्रांतच नमूद आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि १९८५ सालीं ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो, हें तत्त्व न्यायालयानें मान्य केलें. पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारहि मान्य केला. आणि शेवटीं सांगितलें कीं, पावसाळा संपून एक महिना जाईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, या झोंपड्या हलवूं नयेत. त्या निकालाविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. न्यायासनावर बसलेल्यांनीं खिडकीबाहेर पाहिलें होतें एवढें खरें. दानशूर मंडळांनीं तेवढें पाहिलें तरी पुरे.

सरकारी गणतीनेंहि तें पाहिलेलें नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत बेघर कुटुंबांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रींत उरकली. तींत देशांत सुमारें १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रांत २ लाख १० हजारांवर आणि मुंबईंत सुमारें ५७ हजार माणसें सांपडलीं. फेब्रुवारीची रात्र कोरडी. त्या रात्रीं माणसें मैदानांत, पदपथावर, फलाटावर पसरलेलीं असतात. जुलैच्या रात्रीं तींच माणसें दुकानांच्या पायऱ्यांवर, पुलांखालीं, जिन्यांखालीं चेंगरून बसतात, आणि दुकानदारानें हांकललें कीं उठतात. आढ्याचें पाणी वळचणीला, असें आपण सहज म्हणतों. पण वळचणीला कोणी निजलें आहे काय, हें म्हणतांना पाहात नाहीं. आणि हा जुनाच आंकडा घेऊन पुढें सारें चाललें, कारण २०२१ ची खानेसुमारी ठरल्या वेळीं झालीच नाहीं.

आतां आक्षेपकांकडे येऊं. त्यांचे तीन वर्ग आहेत, आणि त्यांतल्या दोघांशीं वाद घालण्यांत अर्थ आहे.

ज्यांच्याशीं अर्थ नाहीं ते म्हणतात, 'हें सरकारचें काम आहे.' बरोबर आहे. सरकारचेंच काम आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं मोठ्या शहरांत लाख वस्तीमागें शंभर माणसांचा निवारा बांधण्यास सांगितलें, आणि २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानें तेंच माप धरलें. माणशीं पन्नास चौरस फूट जागाहि नेमून दिली. या हिशेबानें पनवेल महापालिकेच्या हद्दींत, जेथें २०११ सालींच पांच लाखांवर वस्ती होती, पांचशें माणसांची सोय पाहिजे. आणि उरणची वस्ती तीस हजारांच्या घरांतली. तेव्हां लाखाच्या मापांत मोऱ्याच्या धक्क्यावरची म्हातारी बसतच नाहीं. तिच्या वांट्याला निवाऱ्याचा तिसरा हिस्सा आला, तर तो तिनें कोठें पांघरावा? सरकारकडे मागणी करावी, मोर्चे न्यावेत, आम्ही त्यांत येऊं. परंतु जो मनुष्य 'हें सरकारचें काम' असें म्हणून घरीं जातो आणि सरकारलाहि एक ओळ लिहीत नाहीं, त्याच्याशीं काय बोलावें?

दुसरा वर्ग म्हणतो, फुकट देऊन तुम्ही माणसें आळशी करतां. हा आक्षेप आतां फार उंच जागेवरूनहि ऐकूं येऊं लागला आहे. १२ फेब्रुवारी २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयांत शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्याच प्रकरणाची सुनावणी चालूं असतां, फुकट धान्यानें व पैशानें लोक काम करावयास राजी होत नाहींत, आपण बांडगुळांचा एक वर्ग तर निर्माण करीत नाहीं ना, अशा आशयाचा प्रश्न खंडपीठानें केला. न्यायासनाचा आदर राखून आम्ही विचारतों, हीं आळशी माणसें पाहिलीं कोणीं? १९८५ सालीं स्पार्क या संस्थेनें मुंबईच्या भायखळ्याकडील पदपथांवरच्या सुमारें सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. त्यांतून निघालें तें हें कीं, हीं माणसें काम करणारीं आहेत, त्यांची मजुरी अगदीं थोडी आहे, आणि पायीं कामावर जातां यावें म्हणूनच तीं तेथें राहतात. आजहि भाऊच्या धक्क्यावर पहांटे मासळीच्या पाट्या वाहणारा मनुष्य दुपारीं तेथेंच सांवलींत निजलेला आढळतो. आपण अकरा वाजतां लाँचीला जातों, त्याला निजलेला पाहतों, आणि आळशी म्हणतों. तो पहांटे तीनपासून उठलेला असतो, हें त्याच्या कपाळावर लिहिलेलें नसतें. ज्याला रात्रीं कोरडी जागा मिळाली नाहीं, तो दुसऱ्या दिवशीं कामास कमी पडतो. मग ताडपत्री आळस वाढविते कीं काम वाढविते? आणि शेवटीं, काम न करणाऱ्यांनाच पावसांत भिजत ठेवावयाचें असेल, तर न्याय सर्वांस सारखा लावावा. वडिलोपार्जित भाड्यावर जगणाऱ्या पुष्कळ सद्गृहस्थांना छप्पर सोडावें लागेल.

तिसरा वर्ग विचारवंतांचा, आणि त्याचा आक्षेप खरोखर वजनदार आहे. हे म्हणतात: तुमच्या ताडपत्र्या नि फुटाणे माणसाला रस्त्यावरच टिकवून ठेवतात. त्याला घर पाहिजे. फिनलंडनें २००८ पासून आधीं घर, मग बाकीचे उपचार, असें धोरण धरलें आणि तेथील बेघरांची संख्या उतरत गेली. वांटपाचें पुण्य पदरीं पडलें म्हणजे समाज घराची गोष्ट विसरतो, सबब वांटप हेंच घराच्या आड येतें.

यांतलें घराविषयींचें म्हणणें आम्हांस सोळा आणे मान्य आहे. ताडपत्री म्हणजे घर नव्हे, आणि जो वांटप करून समाधानानें निजतो त्याचें समाधान मोडावें, याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. पण या विचारवंतांना एक गोष्ट दिसत नाहीं. रस्त्यावरच्या माणसाशीं पहिली ओळख रस्त्यावरच व्हावी लागते. त्याच्याकडे कचेरी चालत जात नाहीं, आणि तो कचेरींत आला तर त्याला आंत घेत नाहींत. याचें उदाहरण आमच्या जिल्ह्यांतच आहे. कर्जत येथें २००६ पासून श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानचें केंद्र चालतें. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या त्यांच्या घरीं पोंचविण्याचें काम तेथें होतें, आणि त्याबद्दल डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाचा आरंभ कशानें झाला? डॉक्टर पतिपत्नींनीं मुंबईच्या रस्त्यावर एका तरुणाला करवंटीनें गटाराचें पाणी पितांना पाहिलें, ते त्याच्याजवळ गेले, आणि उपचार झाल्यावर कळलें कीं तो पदवीधर आहे. ते जवळ गेले नसते तर तो कोणत्याहि धोरणांत, कोणत्याहि मोजणींत आला नसता. विचारवंतांचें घर ज्या दिवशीं बांधून होईल, त्या दिवशीं त्यांत कोणाला न्यावयाचें, त्याचें नांव काय, त्याचें कोणी आहे काय, तो रात्रीं कशाला भितो, हें सांगावयास दर आठवड्यास फुटाणे घेऊन जाणाराच मनुष्य लागेल.

'दर आठवड्यास' हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. वर्षांतून एकदां येणाऱ्या दात्याला म्हातारी 'देवासारखे आलांत' म्हणते, आणि तो खूष होतो. चौथ्या आठवड्यास येणाऱ्याला ती 'गेल्या खेपेचं मलम संपलं' असें सांगते, दहाव्याला भांडते. ज्याच्याशीं घेणारा भांडूं शकतो तोच खरा मदत करणारा, अशी आमची समजूत आहे. आधार-पत्र पाहून वांटणाऱ्या मंडळांविषयीं तर बोलावयासच नको. पावसांत उभ्या असलेल्या माणसाकडे ओळखीचा पुरावा मागणें यासारखी अरसिकता दुसरी नाहीं.

हें सारें लिहितांना आम्ही निर्दोष आहों असा आव आणीत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत उरणच्या आम्ही चौघां स्नेह्यांनीं, आणि त्यांपैकीं एकाच्या पत्नीनें, हें काम करून पाहिलें. पहिली खरेदी आम्हीं जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत केली, म्हणजे पाऊस लागून गेल्यावर, जेव्हां ताडपत्रीचा भाव चढलेला असतो. ती मेमध्यें घ्यावयास हवी होती. पैसे वाचवावे म्हणून पातळ मेणकापड घेतलें. तें पहिल्याच वादळी रात्रीं फाटलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या चिंध्या दाखवितांना एका गृहस्थानें आमच्याकडे असें पाहिलें कीं तें आम्हीं अजून विसरलों नाहीं. दोन आठवडे सततच्या पावसाच्या सबबीवर आम्ही गेलोंच नाहीं. याहून हास्यास्पद सबब सुचणें कठीण.

मग जाड ताडपत्र्या आणल्या. मोऱ्याच्या धक्क्यावर गेलों तेव्हां पाऊस धरून आला होता, आणि निवाऱ्याच्या ज्या कोपऱ्यांत म्हातारी बसे तेथें वाऱ्याबरोबर पाणी आंत येत होतें. आम्हीं ताडपत्री उलगडली, कडेचीं भोकें पाहिलीं, आणि एकमेकांकडे पाहूं लागलों. दोरी कोणीच आणली नव्हती. म्हातारीनें गांठोड्यांतून डिसेंबरांतलें एक कांबळें काढलें, त्याची शिवलेली किनार दांतांनीं उसवून लांब पट्टी फाडली, तिचे चार तुकडे केले आणि आमच्या हातांत दिले. पुढच्या आठवड्यास आम्ही सुंभ घेऊन गेलों.